आठ सेमिस्टरांचा तक्ता

६ सप्टेंबर

ताई,

आधी 'प्रिय' लिहिलं आणि खोडलं. खोटं लिहायची सवय मला नाही, आणि या वयात लावूनही घ्यायची नाही. म्हणून नुसतं ताई. अक्षर ओळखशीलच. एकाच कॉन्व्हेंटात, एकाच ननच्या पट्टीखाली आपण दोघींनी ते गिरवलं आहे. पट्टी मला जास्त बसली, अक्षर तुझं जास्त सुधारलं.

आई गेल्यापासून, म्हणजे पंचवीस वर्षांत, हे माझं पहिलं पत्र. घाबरू नकोस, मला तुझ्याकडून काही नको आहे. तब्येत ठणठणीत, दात माझेच, विमा कंपनीतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली. फोन केला असता, पण फोन तू ठेवून देशील. कागद ठेवून देता येत नाही, असं लिहिणार होते. मग आठवलं, त्याचाही तुला सराव आहे.

बातमी एवढीच की मी कॉलेजात नाव घातलं आहे. संगणकशास्त्राची पदवी. चार वर्षं, आठ सेमिस्टर. बासष्टाव्या वर्षी शिंगं मोडून वासरांत शिरले असं तू म्हणशील. म्हण. प्रवेशाच्या खिडकीतला कारकूनही म्हणालाच, "आजी, नातवाचा फॉर्म असेल तर सही त्यालाच करावी लागेल."

मी म्हटलं, "नातू नाही, नवराही नाही. पेन द्या."

चव्वेचाळीस वर्षांपूर्वी हीच पदवी मला मिळायची होती. तुझी स्मरणशक्ती सोयीची आहे, म्हणून सविस्तर लिहिते. पहिली तुकडी, तीस जागा, त्यांतली एक माझी. पत्रात स्पष्ट होतं : नऊ दिवसांत होकार कळवा, नाहीतर जागा पुढच्या विद्यार्थ्याला जाईल. पोस्टमननं ते पत्र तुझ्या हातात दिलं. मला ते सापडलं तेविसाव्या दिवशी, तुझ्या शिवणाच्या वहीत, बाह्यांच्या मापांच्या पानाशी. तू म्हणालीस, "अगंबाई, विसरलेच की!" आणि बाही कापत राहिलीस.

आईची डावी बाजू तेव्हा लुळी पडलेली. तिच्या उशाशी कोणीतरी बसायला हवं होतं. तुझं लग्न दोन महिन्यांवर. मी वसतिगृहात गेले असते, तर ते कोणीतरी तू झाली असतीस. एवढं साधं गणित आहे, त्याला संगणक लागत नाही. ते कोणीतरी मी झाले. एकोणीस वर्षं.

हेच कॉलेज का, असं विचारशील. घरासमोरून थेट बस आहे म्हणून.


११ सप्टेंबर

ताई,

बसचं खोटं होतं. दोन बसा बदलाव्या लागतात, आणि दुसरीत बसायला जागा मिळत नाही.

तुझा मुलगा इथं शिकवतो, हे मला दोन वर्षांपासून माहीत आहे. वर्तमानपत्रात कॉलेजच्या कुठल्याशा कार्यक्रमाचा फोटो होता. नाव वाचायच्या आधी चेहरा वाचला. तुझं कपाळ त्याच्या डोक्यावर अगदी जसंच्या तसं बसवलंय. मी त्याला पाहिलं होतं ते तो रांगत होता तेव्हा. नंतर आई गेली तेव्हा तू एकटीच आलीस, त्याची परीक्षा आहे म्हणून. तेव्हा तो मला ओळखत नाही. आपलं आडनाव माझ्या वर्गात आणखी दोघांचं आहे, त्यामुळे नावावरूनही त्याला काही सुचलेलं नाही.

आता ऐक. इथं पहिल्या आठवड्यात प्रत्येकानं चार वर्षांचा तक्ता भरून द्यायचा असतो. आठ सेमिस्टरांचे आठ रकाने. कोणता विषय कुठं घ्यायचा, कोणता पास झाल्याशिवाय पुढचा मिळत नाही, सगळं जुळवून. त्यावर मार्गदर्शकाची सही लागते. बारा विद्यार्थ्यांमागे एक मार्गदर्शक, आडनावांच्या क्रमानं. देव आहे की नाही मला ठाऊक नाही, पण असलाच तर तो हजेरीपटावर बसलेला असतो. माझा मार्गदर्शक तुझा मुलगा.

त्यानं आम्हां बाराही जणांना एक नमुन्याचा तक्ता दिला. पोरांनी पाच मिनिटांत उतरवून काढला. मी पट्टी आणि टोकदार पेन्सिल घेऊन दोन दिवस बसले. मला एकच गोष्ट पाहायची होती : तो शिकवतो ते विषय कोणते आणि ते कुठं बसतात. प्रत्येक वर्षी त्याचा एक तरी विषय मी घेतला आहे. तिसऱ्या सेमिस्टरला त्याचा वेब प्रोग्रॅमिंगचा आहे, तो तर त्यानं नमुन्यात आपणहूनच घातला होता. स्वतःच्या विषयाला मुलं मिळावीत एवढी हौस आहे त्याला. चार वर्षं मी त्याच्या पुढ्यात पहिल्या बाकावर बसणार आणि त्याची एकही चूक सोडणार नाही.

तक्ता पाहून तो म्हणाला, "मॅडम, इतका नीटनेटका कागद मी अजून पाहिला नव्हता."

"चौतीस वर्षं विम्याचे फॉर्म तपासले. लोक काय लपवतात ते शोधायचा पगार मिळायचा."

"मग आमचंही जरा तपासा."

"त्यासाठीच आले आहे."

हसला. तुझ्यासारखा हसतो, वरचा ओठ न हलवता.


२० जानेवारी

ताई,

तुझं उत्तर मिळालं. "तो भला मुलगा आहे. त्याच्या वाटेला जाऊ नकोस." आठ शब्द. चव्वेचाळीस वर्षांनी आठ शब्द, आणि त्यांत माझ्याबद्दल एकही नाही. असो. पत्रं वाचतेस एवढं कळलं, ते पुरे.

वाटेला मी गेलेच आहे. पहिल्याच महिन्यात त्यानं फळ्यावर प्रोग्रॅम लिहिला, आणि सत्तर पोरांसमोर मी हात वर केला. "सर, तिसऱ्या ओळीच्या शेवटी अर्धविराम राहिलाय. असं मशीनला चालत नाही, तुम्हीच परवा म्हणालात." वर्ग खिदळला. त्यानं वळून पाहिलं, अर्धविराम दिला आणि म्हणाला, "थँक्यू मॅडम." नुसता म्हणाला नाही, त्याला खरंच बरं वाटलं होतं. मला तो दिवस फुकट गेल्यासारखं झालं.

मग मी विभागप्रमुखबाईंकडे दोन लेखी तक्रारी केल्या. एक, सर तासाला सात मिनिटं उशिरा येतात. दुसरी, चाचणीच्या प्रश्नपत्रिकेत तीन चुका होत्या. इंग्रजी व्याकरणाच्या, पण चुका त्या चुकाच. बाईंनी त्याला बोलावलं. दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला, माफी मागितली आणि जाता जाता म्हणाला, "मॅडम, लॅबमध्ये तुम्हांला अक्षरं बारीक दिसत असतील. खिडकीजवळचा मोठा स्क्रीन तुमच्यासाठी ठेवायला सांगितलंय."

फार वाईट वाटलं मला. तक्रारी दोनच केल्या म्हणून.

राग धरायला अवघड जाईल असं वागतो हा. तुझं काहीच कसं घेतलं नाही यानं?


९ मे

ताई,

पहिलं वर्ष संपलं. वर्गात तिसरी आले. पहिल्या दोघांची वयं मिळवली तरी माझ्या वयाला पुरत नाहीत.

उत्तराची वाट पाहत नाही. पोस्टमनची बेल वाजली की उठायची सवय आहे, ती जुनी आहे.


२ सप्टेंबर

ताई,

तिसरं सेमिस्टर सुरू झालं. तुझ्या मुलाचा वेबचा तास आठवड्यातून चारदा. अजून पहिल्या बाकावरच आहे.

माझ्या शेजारी एक मुलगी बसते. केस कधी विंचरलेले नसतात, म्हणून वर्गात सगळे तिला झिपरी म्हणतात, आणि तीही ओ देते. आमच्या बाराजणांतलीच. मला काकू म्हणते. "काकू, तुमचं डोकं विमानासारखं चालतं हो, पण टायपिंग म्हणजे लंगडी घातल्यासारखं!" मी तिला तर्कशास्त्र समजावते, ती मला बोटं कुठं ठेवायची ते दाखवते. परवा डबा खाताना म्हणाली, "मला एकदाही नापास होऊन चालणार नाही. बाबांनी चार वर्षं दिलीत. पाचवं वर्ष मागितलं तर कॉलेज बंद आणि लग्न. लिहूनच दिलंय म्हणा ना."

"आणि आई काय म्हणते?"

"आई काय म्हणणार? आई बाबांचा चेहरा बघून म्हणते."

जोरजोरात हसत सांगत होती. अशा गोष्टी हसतच सांगायच्या असतात हे तिला या वयात कळलंय. मला कळायला तीस वर्षं लागली.

आणखी एक. पंचवीस तारखेला तुझ्या मुलाच्या बढतीसाठी निवड समिती बसणार आहे. ऑफिसात ऐकलं. चहाच्या टपरीवर सगळ्यांना हसून सांगतोय, "झाली तर झाली." पण शर्ट रोज इस्त्रीचा घालतो आहे हल्ली.


१६ सप्टेंबर, रजिस्टर पत्रानं

ताई,

हे पत्र मी रजिस्टर करते आहे आणि पोचपावती मागवते आहे. उद्या दुपारपर्यंत तुझ्या हातात पडेल. उभ्यानं वाचू नकोस, बस.

विमा कंपनीत माझी एक रीत होती. फॉर्म मी नेहमी शेवटच्या पानापासून वाचायची. पहिल्या पानावर माणूस ताजातवाना असतो, सगळं नीट लिहितो. शेवटाकडून मागे आलं की कुठं पाय घसरला ते दिसतं. चौतीस वर्षांत माझ्या टेबलावरून चुकीचा फॉर्म पुढं गेला नाही. पण माझा स्वतःचा तक्ता मी पुढून मागे भरला. तुझ्या मुलाचे विषय गोळा करायच्या नादात होते ना मी! गेले वर्षभर एकदाही उलटा वाचला नाही.

काल ऑफिसातून पुढच्या सेमिस्टरच्या विषयांची यादी आणली, आणि आज तक्ता शेवटाकडून वाचला. शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट. प्रोजेक्ट सुरू करायचा तर आधी कंपायलर हा विषय पास हवा. कंपायलरसाठी अल्गोरिदम. अल्गोरिदमसाठी डिस्क्रीट मॅथ्स. डिस्क्रीट आम्हां सगळ्यांच्या तक्त्यात चौथ्या सेमिस्टरला आहे, आणि यादीत चौथ्या सेमिस्टरला डिस्क्रीट नाहीच. कारकुनाला विचारलं. तो म्हणाला, "आता ते वर्षातून एकदाच, तिसऱ्याला. मेमध्ये परिपत्रक निघालं की! बाकीच्या मार्गदर्शकांनी आपापल्या मुलांचे तक्ते बदलून घेतले."

तुझ्या मुलानं परिपत्रक वाचलेलं नाही. त्याच्या बाराही मुलांनी तिसऱ्याला डिस्क्रीटच्या जागी त्याचं ते लाडकं वेब घेतलं आहे. आता डिस्क्रीट मिळेल ते पाचव्या सेमिस्टरला. तिथून पुढचे सगळेच विषय वर्षातून एकदाच असल्यामुळे बोट धरून मोजलंस तरी प्रोजेक्ट पाचव्या वर्षात जातो. बाराजणांचं अख्खं वर्ष बुडणार. त्या बारांत झिपरी आहे. त्या बारांत मीही आहे.

विषय बदलून घ्यायची शेवटची तारीख वीस सप्टेंबर, संध्याकाळी पाच. त्यानंतर खिडकी बंद. पंचवीसला त्याची समिती. एकवीसला मी विभागप्रमुखबाईंच्या टेबलावर हा तक्ता आणि परिपत्रक शेजारी शेजारी ठेवलं, तर बढती राहूच दे, नोकरी राहिली तरी मिळवली.

ही चूक आज मला माहीत आहे आणि उद्यापासून तुला. आणखी कोणालाही नाही. मी त्याला सांगणार नाही. तू सांग. एक फोन करायचा. "बाळा, परिपत्रक वाच," एवढंच म्हणायचं. तो विचारेल, आई, तुला हे कसं कळलं? मग तुला सांगावं लागेल की तुझ्या पहिल्या बाकावर बसते ती माझी बहीण आहे. तो विचारेल, तिनं मला इतके दिवस हे सांगितलं का नाही? मग तेही सांगावं लागेल. शिवणाच्या वहीपर्यंत सगळं.

माझं एक वर्ष गेलं तरी चालेल. मला सवय आहे.

चार दिवस आहेत तुझ्याकडे.


१९ सप्टेंबर

ताई,

पोचपावती आली. सतरा तारीख. खाली तुझी सही, वेलांटीला तोच शेपटा.

तुझा मुलगा आज दुपारी जिन्यात शीळ घालत होता. फोन आला असता तर त्यानं शीळ घातली नसती.

झिपरीनं तिचा तक्ता रंगीत पेनांनी रंगवून वहीच्या पुठ्ठ्याला चिकटवला आहे. प्रोजेक्टच्या चौकोनात एक सूर्य काढलाय. मला दाखवून म्हणाली, "काकू, बघा, आपण दोघी एकदमच सुटणार." मी म्हटलं, "सूर्याला किरणं जास्त झालीत." दुसरं काही बोलले नाही. जेवण गेलं नाही. तुला त्या नऊ दिवसांत जेवण जात होतं का? मला आठवतं त्याप्रमाणे जात होतं.

अजून उद्याचा दिवस आहे.


२० सप्टेंबर

ताई,

दुपारी दोनपर्यंत तुला वेळ दिला. दोन वाजता त्याच्या खोलीत गेले. तो समितीसाठी फायली लावत होता.

"या मॅडम. आज काय सापडलं?" असं हसून म्हणाला.

मी तक्ता टेबलावर ठेवला. "शेवटच्या रकान्यापासून वाचा."

"म्हणजे?"

"उलटं वाचा. मागे मागे या. आणि हे परिपत्रक. मे महिन्याचं आहे."

त्यानं वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. मग बोट ठेवून वाचलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मला वाटलं होतं, हा क्षण आला की मला काहीतरी मिळेल. पंचेचाळीस वर्षांचं काहीतरी. पण समोर चाळिशीतला एक घाबरलेला माणूस होता, आणि त्याला माझी भीती वाटत नव्हती. त्याला घड्याळाची भीती वाटत होती.

"किती वाजले?"

"दोन वाजून दहा."

पुढचे अडीच तास मी तुझ्या मुलाला पाहिलं, ताई. एकेका मुलाला स्वतः फोन लावला. एक जण घरी गेला होता, त्याला अर्ध्या वाटेवरून परत बोलावलं. एक न्हाव्याकडे बसला होता, तो अर्धं डोकं भादरलेलं घेऊन पळत आला. ऑफिसच्या खिडकीशी तुझा मुलगा उभा, आत कारकून कपाळाला हात लावून बसलेला, आणि शेजारी मी बाराही फॉर्म तपासून पुढं सरकवते आहे. डिस्क्रीट घेतलं, वेब सोडलं. झिपरीचा फॉर्म आला तेव्हा तिनं विषयाचा क्रमांक दोनदा चुकीचा लिहिला, शेवटी तो मला लिहावा लागला. "काकू, हे वेळेत झालं नसतं तर?" असं सारखं विचारत होती. मी तिच्यावर खेकसले, "झालं ना? मग सही कर." पावणेपाचला बारावा फॉर्म आत गेला.

बाराजण एकदम सोडून गेल्यामुळे वेबचा विषय आता बंद होईल, तेवढी मुलंच उरली नाहीत. त्याला ते माहीत होतं. तरी खोलीत परतल्यावर त्यानं आधी पेन काढलं आणि विभागप्रमुखबाईंना स्वतःच्या हातानं चिठ्ठी लिहिली. "परिपत्रक मी वाचलं नव्हतं. चूक माझी आहे." मी मागितली नव्हती, कोणीच मागितली नव्हती. पाच दिवसांवर समिती, आणि हा गृहस्थ हे लिहून देतो! मी विचारलं, "तुमच्या घरात हे वाक्य कुठून आलं?"

त्याला कळलं नाही. मग मी सांगितलं. मी कोण, ते आधी. तो उठून उभा राहिला. "म्हणजे तुम्ही मावशी?"

"बस. अजून मावशी झालेले नाही. आधी ऐक."

सगळं ऐकलं त्यानं. मध्ये एकदाच बोलला, आणि ते मला तुला जसंच्या तसं सांगायचं आहे. तो म्हणाला, "पण आई तर सांगायची, मावशीला पहिल्याच तुकडीत जागा मिळाली होती, पण ती घाबरली. बाहेरगावी राहायचं म्हणून घाबरली आणि जागा सोडली. मी लहानपणी कशाला घाबरलो की आई म्हणायची, मावशीसारखं करू नकोस. म्हणून तर मी या विषयाला आलो."

माझी जागा घालवलीस ती घालवलीस. वर माझी भित्री बाहुली करून पोराला दाखवत राहिलीस? मी घाबरले? एकोणीस वर्षं आईला कुशीवर वळवणारी मी घाबरले? आणि तीस जागांपैकी एक मिळवली होती हेही तू त्याला सांगायचीस, अभिमानानं सांगायचीस म्हणे. तुझं मला कधी समजलं नाही, आणि आता समजून घ्यायचंही नाही.

मग त्यानं विचारलं, "ही तक्त्याची चूक आईला माहीत होती?"

पोचपावती त्याच्यासमोर ठेवली. त्यानं तारीख पाहिली, सही पाहिली. त्याला वाईट वाटावं असं मला वाटत होतं, आणि वाटलं तेव्हा मला ते पाहवलं नाही. खिडकीबाहेर पाहत बसले.

हे पत्र माफीचं नाही, तसा समज करून घेऊ नकोस. मी बोलले याचा अर्थ आपलं फिटलं असाही नाही. तुझ्याकडे नऊ दिवस होते. माझ्याकडे चार होते आणि त्यांतले तीन मी अगदी तुझ्यासारखी वागले. झिपरीच्या शेजारी बसून डबा उघडला, बंद केला आणि गप्प राहिले. तू काय केलं असशील, कसं केलं असशील, हे मला या तीन दिवसांत नीट समजलं. किती सोपं असतं ते! काही करावंच लागत नाही. म्हणूनच आता तुला कुठलीही सवलत नाही. तोंड उघडायला किती कष्ट पडतात तेही आज कळलं. पायऱ्या चढायला लागतात तेवढे.

समिती झाली की त्यानंतरच्या रविवारी तो तुझ्याकडे येतो आहे. बढती मिळाली तरी आणि नाही मिळाली तरी. मी त्याला काही पढवलेलं नाही. एवढंच म्हटलं की कदाचित आईनं माझं पाकीट उघडलंच नसेल. पंचेचाळीस वर्षांनंतर बहिणीची एवढी बाजू घेतली मी, लक्षात ठेव.

तेव्हा उघडलं नसशील, तर ते पाकीट बंद आहे तसं त्याच्या हातात दे. तो तुझ्यासमोर बसून फोडेल आणि वाचेल. आणि उघडलं असशील, तर त्या तीन दिवसांत तू काय करत होतीस, ते त्याला सांग.

मला नाही सांगितलंस तरी चालेल. तो तुझा मुलगा आहे, तो ऐकल्याशिवाय उठणार नाही.